बाबल्याची गळकी टाकी

“भियाव नको रे, बाबल्या. मी आसंय मां.”

मित्रांनो, हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला त्याला आता चाळिसाहून अधिक वर्षं लोटली. लाकडी खोक्याच्या फळ्या निघाल्या, डोळ्यांवर ऊन आलं आणि समोर एक काटकुळा तरुण उभा दिसला. त्याने माझ्या सीटवर हात ठेवला आणि मला धीर दिला. खरं सांगू? भ्याला होता तो स्वतःच. त्याने आयुष्यात सायकलसुद्धा धड चालवली नव्हती. पण मालवणकडची माणसं अशीच. आपल्याला भीती वाटली की समोरच्याची समजूत घालतात.

त्याचं नाव दत्ताराम. आणि मी एक जुना, ठेंगणा, बागेतला ट्रॅक्टर आहे. शेतातल्या ट्रॅक्टरांसारखी उंची मला नाही. पोटाखाली गवत कापायची पाती, मागे छोटी ट्रॉली अडकवायला आकडा, कडेला इंजिन सुरू करायची दोरी आणि इंजिनाच्या वर पत्र्याची पाच लिटरची टाकी. बस्स, एवढंच माझं अंग. जन्म समुद्रापलीकडे झाला. बोटीतून आलो आणि मुलुंडच्या एका औषध कारखान्याच्या हिरवळीवर उतरलो. दत्ताराम तिथे माळी होता. ‘बाबल्या’ हे नाव त्यानेच ठेवलं. कारखान्याच्या कागदांत माझा नुसता नंबर होता.

काय दिवस होते ते! सकाळचं दव पात्यांना लागायचं आणि कापल्या गवताचा ओला, गोडसर वास सगळ्या आवारात पसरायचा. वर्षभराने दत्तारामचं लग्न झालं. त्याची बायको जानकी दुपारी डबा घेऊन यायची आणि कुंपणाला टेकून मला ऐकू जाईल अशा बेताने गायची,

*हिरव्या गं वाटेवरी कोण चाले हळूहळू,*
*कंथ माझा वर बसे, नको मेल्या त्याला छळू!*

मी छळत नसे, मित्रांनो. कधीमधी चढावर खोकायचो, इतकंच.

पुढे त्यांना सिद्धेश झाला, तेव्हा जानकी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, “हो माझो धाकलो झील. थोरलो थंय बागेत आसा, पेट्रोल पिता.” म्हणजे मी थोरला मुलगा! सिद्धेश मोठा झाल्यावर रागावला की म्हणायचा, “जा ना, तुमच्या थोरल्याला सांगा कामं.”

मग कारखाना बंद झाला. हिरवळीवर प्लॉट पाडायच्या खुणेचे दगड पडले. निरोपाच्या दिवशी साहेबांनी विचारलं, “दत्ताराम, शाल देऊ की घड्याळ?” दत्ताराम म्हणाला, “माका बाबल्या द्या.” साहेब हसले आणि टेम्पोत चढवून मला त्याच्याबरोबर पाठवून दिलं.

तोवर त्याचं घर घाटकोपरच्या डोंगरावरून माहुलला गेलं होतं. रस्ता रुंद झाला आणि त्याच्या वस्तीला माहुलच्या उंच इमारतींत खोल्या मिळाल्या. तळमजल्यावरची खोली, मागे भिंतीलगत वीतभर मोकळी जागा. दत्तारामने तिथे पत्र्याची शेड घातली, शेडच्या दारात अबोली लावली आणि मला आत ठेवलं. त्यानंतरही आम्ही दोघं चेंबूरच्या शाळांची मैदानं, घाटकोपरच्या सोसायट्यांच्या बागा कापत हिंडायचो. पोरं मागून धावायची. “आजोबा, एक राऊंड!”

माहुलबद्दल एक गोष्ट तुम्हाला माहीत हवी. तिथे आजूबाजूला तेलाचे कारखाने आहेत, टाक्या आहेत, टँकरच्या रांगा आहेत. हवेला कायम एक वास असतो. नवीन माणसाच्या तो डोक्यात जातो. जुन्या माणसाला तो कळतही नाही. वास आला तर तिथे कुणी विचारत नाही की कसला वास. म्हणतात, “वारा फिरला वाटतं.”

दोन वर्षांपूर्वी दत्ताराम गेला. झोपेतच गेला. माझ्या शेडचं दार बंद झालं आणि मी अंधारात बसून राहिलो. चाकातली हवा उतरली. टाकीच्या तळाशी उरलेलं चमचाभर पेट्रोल उडून गेलं आणि त्या जागी ओल धरली. ओल आली की मागोमाग गंज येतो. टाकीच्या खालच्या जोडाला तो आतून कुरतडत होता. मला कळत होतं. सांगणार कुणाला?

त्या अंधारात एकटी जानकी यायची. एका फाल्गुनात तिच्या बहिणीने गावाहून सुरंगीच्या फुलांचा वळेसर, म्हणजे गजरा, पाठवला. तुम्ही कोकणातले असाल तर सुरंगी म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. एक वळेसर घरात आला की शेजारच्या तीन घरांना कळतं. जानकी तो घेऊन शेडमध्ये आली, दार लोटून घेतलं, फुलं नाकाला लावली आणि रडू लागली.

“बाबल्या, तुका सांगतंय. कोणाक बोलू नको. माका वास येना नाय.”

टाळेबंदीच्या वर्षात तिला ताप आला होता. ताप गेला, जाताना वास घेऊन गेला. तिने नवऱ्याला सांगितलं नाही, मुलाला सांगितलं नाही. करपलेलं कळावं म्हणून ती भांड्यावरची नजर हलवत नसे. मासे ताजे आहेत का, ते कल्ले उघडून बघायची आणि वर उगाच हुंगायची, कोळणीला दाखवायला. “कळला तर माका चुलीपासून उठवतीत,” ती म्हणाली. “चूल गेली तर माझा हंय काय रवला?”

वळेसर माझ्या स्टिअरिंगला अडकवून ती गेली. त्या दिवसापासून तिचं गुपित माझ्या पोटात आहे, आणि त्या दिवसापासून मी भ्यायला लागलो.

यंदा श्रावणाच्या आधी सिद्धेशचं लग्न झालं. तो इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करतो. हात बापासारखे, जीभ मुंबईची. बायको रुचिरा बोरिवलीची, जंगलाच्या कडेला वाढलेली. आल्या आल्या पहिल्याच आठवड्यात ती म्हणाली, “आई, इथे कसला तरी वास येतो ना? डोकं धरतं.”

शेजारच्या कुंदाताई तिथेच होत्या. त्यांनी टाळी वाजवली. “अगं बाई, राणीसाहेबांना वाघाच्या डरकाळीची सवय, आमची हवा सोसत नाही!”

जानकीही हसली. “हंय येताना नाक बोरिवलीक ठेवून येवचा, गो.”

रुचिराही हसली. पण मित्रांनो, मी शेडमधून ऐकत होतो, तिचं हसू मध्येच तुटलं. पुन्हा तिने वासाचं नाव काढलं नाही.

मग दसरा आला. पहिल्या वर्षी दुखवटा होता, गेल्या वर्षी कुणाला उमेद नव्हती. यंदा सिद्धेशने ठरवलं की बाबांच्या ट्रॅक्टरची पूजा करायची आणि तो सुरू करून इमारतीला एक फेरी मारायची. आदल्या दुपारी त्याने शेड उघडली, चाकांत हवा भरली, ऑइल बदललं आणि कॅनमधून माझ्या टाकीत काठोकाठ पेट्रोल ओतलं.

“दोन वर्षं उपाशी आहेस, थोरल्या. पी.”

मी प्यायलो. काय गारवा होता तो! पोट भरल्याचं सुख किती दिवसांनी मिळालं होतं. सिद्धेश दार लावून कामावर गेला, आणि मग मला टोचलं. टाकीच्या खालच्या जोडात, गंजाने जिथे पत्रा कागदाइतका केला होता, तिथे सुईच्या टोकाएवढी वाट झाली.

टप्.

खाली दत्तारामने अंथरलेलं जुनं गोणपाट होतं. थेंब त्यात जिरला. पुन्हा टप्. तोही जिरला. गोणपाटाने सगळं पिऊन टाकलं, जमिनीवर डाग म्हणून नाही. पण पेट्रोल गोणपाटात कुठलं बसायला! ते उडतं आणि हवेपेक्षा जड होऊन जमिनीलगत पसरतं, मांजरासारखं, पाय न वाजवता. शेडला खिडकी नाही. दुपार टळली, संध्याकाळ झाली. मी थेंब मोजत राहिलो आणि पुढे पुढे मोजायचंही भय वाटू लागलं. मला ठाऊक होतं, सकाळी पूजा आहे. पूजा म्हणजे हळद, कुंकू, झेंडू, आपट्याची पानं आणि निरांजन.

सकाळी आठ वाजता जानकी आली. तिने दार उघडलं आणि थेट आत शिरली. दुसरं कुणीही उंबऱ्यावरच थबकलं असतं. तिने मला पुसलं, उकिडवी बसून पुढच्या चाकाशी रांगोळी घातली. तिचा पदर गोणपाटावर लोळत होता. मी आतून ओरडत होतो, बये, ऊठ! माझ्या आवाजाला इंजिन लागतं आणि इंजिन बंद होतं.

सिद्धेश नवा सदरा घालून आला. नाक मुरडून म्हणाला, “आज वास जरा जास्तच आहे ना?”

“वारो फिरलो आसतलो,” जानकी म्हणाली.

“फिरला असेल,” सिद्धेश म्हणाला. माहुलचा मुलगा तो!

कुंदाताई पेढे घेऊन आल्या. रुचिरा सगळ्यांच्या मागे, दाराशी उभी राहिली. तिने नाकाला पदर लावला, कुंदाताईंकडे पाहिलं आणि पदर पुन्हा खाली घेतला.

जानकी घरातून ताट घेऊन आली. ताटात निरांजन तेवत होतं. इवलीशी तूपवात, बाहेरच्या उजेडात दिसेल न दिसेल अशी ज्योत. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ उन्हं पाहिली, मित्रांनो, पण त्या ज्योतीइतकं तापलेलं मी काही पाहिलं नाही. ती उंबऱ्याशी आली. तिने एक पाऊल आत टाकलं. आता ती मला ओवाळणार आणि मग ताट खाली ठेवणार, चाकापाशी, जिथे ते अदृश्य मांजर दबा धरून बसलं होतं. टाकी माझी, थेंब माझे, जळणार मात्र ती.

“आई, थांबा.”

आवाज इतका हलका होता की कुणी ऐकला नाही. जानकी वाकली.

तेव्हा रुचिरा धावली. तिने सासूच्या दंडाला धरून तिला बाहेर ओढलं आणि फुंकर मारून निरांजन विझवलं.

दसऱ्याचा दिवस, सासऱ्याच्या ट्रॅक्टरची पूजा, आणि नव्या सुनेने तोंडाने फुंकून दिवा घालवला!

“अगं अगं अगं!” कुंदाताईंनी तोंडावर हात घेतला.

“काय केलंस गो ह्या?” जानकीने दंड सोडवून घेतला. “दसऱ्याच्या दिसा दिवो इझवलंस?”

“आई, आत पेट्रोल आहे. खूप आहे. मला... मला वास येतोय.”

“तुका पयल्या दिसापास्ना वासच येतत!”

पण सिद्धेश खाली वाकला होता. त्याने गोणपाटाचं टोक उचलून पिळलं. बोटांतून पेट्रोल गळलं. “कुणी आत येऊ नका,” तो म्हणाला. “वाट लागली असती आज. सगळ्यांची.” त्याने गोणपाट लांब उघड्यावर नेऊन टाकलं, टाकीतलं उरलंसुरलं नळीने कॅनमध्ये काढलं, दार सताड उघडं ठेवलं. पूजा राहिली. पेढे तसेच राहिले.

कुणी रुचिराला शाबास म्हटलं नाही. भीती ओसरल्यावर माणसं आधी रागावतात. जानकी घरात गेली ती सुनेशी एक अक्षर बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी सिद्धेशने टाकीचे चार बोल्ट खोलले, ती उतरवून ठेवली आणि मित्राला बोलावलं. निलेश गोवंडीच्या गॅरेजात वेल्डिंग करतो.

“रिकामी केलीय,” सिद्धेश म्हणाला. “दोन टाके मारून दे पटकन.”

निलेशने टाकी नाकाशी नेली आणि झटक्यात लांब धरली. “वेडा झालास का रे? रिकामी म्हणूनच डेंजर! आत वाफ कोंडलीय. ठिणगी पडली तर टाकी एकीकडे, मी दुसरीकडे आणि माझी दाढी तिसरीकडे. याला वेल्डिंग नाही, कथलाचा डाक द्यायचा. तोही चार दिवसांनी.”

मग माझ्या टाकीची सेवा सुरू झाली. साबणाच्या पाण्याने तिला तीनदा धुतलं. आत मूठभर नट आणि खडे टाकून खुळखुळ्यासारखं हलवलं, तेव्हा तांबडा चिखल बाहेर आला. व्हिनेगर भरून एक दिवस ठेवलं, मग स्वच्छ पाणी भरून दोन दिवस. चौथ्या दिवशी निलेशने जोडाच्या खालपर्यंत पाणी राखून, उघड्यावर, तापवलेल्या तांब्याच्या टोकाने डाक दिला. कथिल वितळलं, चंदेरी रेघ होऊन जोडात शिरलं. त्या कढत टोकाचा स्पर्श झाला तेव्हा मी पुन्हा भ्यालो. पण निलेशचा हात घाईचा नव्हता.

हे चालू असताना घरातलं बोलणं मात्र पार बिघडलं होतं. शेडला लागूनच स्वयंपाकघराची खिडकी आहे, मला सगळं ऐकू येतं. जानकी सुनेशी बोलायची ती सिद्धेशच्या मार्फत. “सिद्धेश, तिका सांग, चाय झाली.” रुचिरा समोरच उभी! कुंदाताई येऊन सांगून जायच्या, “विझला तो दिवा काही बरा नाही हो.” पाचव्या दिवशी कपाट उघडल्याचा आवाज आला, पाठोपाठ बॅगेची चेन.

“चार दिवस बोरिवलीला जाऊन येते,” रुचिरा सिद्धेशला म्हणाली. “मी इथे बोलले तरी चुकतं, नाही बोलले तरी चुकतं.”

“अगं, आईला राग आलाय फक्त.”

“राग नाही रे. त्या माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत.”

मला ठाऊक होतं, जानकी का बघत नाही. सुनेकडे पाहिलं की तिला ती सकाळ दिसायची. आपण अर्धा तास पेट्रोलमध्ये बसलो होतो आणि आपल्याला कळलं नाही! हे ती कुठल्या तोंडाने सांगणार?

त्याच दुपारी सिद्धेशने टाकी बसवली. नवी रबरी नळी लावली, कॉक घट्ट केला, थोडंसं पेट्रोल ओतलं आणि मला ढकलत उघड्यावर आणलं. जानकी बाहेर आली. रुचिरा दारात बॅग घेऊन उभी राहिली.

“आई, तू जरा वास घेऊन बघ ना,” सिद्धेश म्हणाला. “माझे हात पेट्रोलने भरलेत, मला सगळीकडे तोच येतोय. टाकीपाशी येतो का बघ.”

जानकी वाकली. टाकीच्या पत्र्याला तिचं नाक लागलं, इतकी वाकली. तिचा श्वास मला कळला. आणि मित्रांनो, जोड पक्का होता, पण नव्या नळीचं तोंड नीट बसलं नव्हतं. तिथे ओल धरली होती. थेंब अजून व्हायचा होता.

“नाय येना,” जानकी म्हणाली.

“झकास!” सिद्धेशने दोरी हातात घेतली.

रुचिरा दारातून दोन पावलं पुढे आली. “सिद्धेश, मला येतोय. नळीपाशी.”

“आई म्हणते नाही येत, तू म्हणतेस येतो. कुणाचं ऐकू मी?”

रुचिरा सासूकडे बघत राहिली. मग तिने बॅग उचलली. “आईंचं ऐक,” ती म्हणाली आणि वळली.

सिद्धेशने दोरीला ताण दिला. एक झटका, इंजिनात एक ठिणगी, आणि त्या ठिणगीच्या वर ओली नळी. सिद्धेशचा चेहरा माझ्यापासून हातभर अंतरावर होता.

इथे मी क्षणभर थांबतो. इतकं बोललो, एक विनंती करू द्या. तुमच्या घरात आमच्यासारखं एखादं जुनं यंत्र असेल, आजोबांचं, पणजोबांचं, तर त्याला नुसती फुलं वाहू नका. त्याच्या पोटाखाली हात घालून बघा, ओलं लागतं का. वास आला तर वाऱ्यावर ढकलू नका, आणि वास आला असं जो सांगेल त्याला हसू नका. आम्हाला बोलता येत नाही. आम्ही गळतो, खोकतो, बंद पडतो, तेवढीच आमची भाषा. तुम्हाला तर बोलता येतं, मित्रांनो. मग तुम्ही का गप्प राहता?

सिद्धेशचा खांदा मागे गेला.

“थांब!”

जानकीने दोन्ही हातांनी त्याचं मनगट धरलं होतं.

“माझा आयकू नको. तिचा आयक.”

“अगं पण तू आत्ताच...”

“खोटा बोललंय मी.” तिने मुलाचा हात सोडला नाही, पण बघत होती ती रुचिराकडे. पाच दिवसांत पहिल्यांदा. “रुचिरा, तू जाव नको गो. माका वासच येना नाय. पाच वर्सां झाली. आमटी करापली तरी कळना नाय, त्या दिसा पेट्रोलात बसलंय तरी कळला नाय. तुमी माका चुलीपासून उठवशात, ह्याच भियान आजपावत कोणाक बोललंय नाय.”

सिद्धेशच्या हातातून दोरी सुटली, आणि रुचिराने बॅग खाली ठेवली.